दोन हौद

सावळाराम मामाला कानडी येती, हे आमच्या वस्तीवर समद्यांना ठावं व्हतं. कुणी इचारायचं न्हाय, त्यो आपणहून सांगायचा. घोंगड्या इकायला कर्नाटकात इंडीच्या बाजाराला जायचा, तितं चार शबुद कानावर पडलं आन् गडी पंडित झाला. माजी सासू भामाबाई, तिचा ह्यो धाकला भाऊ. मी थोरली सून, झुंबर. सासूला मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईच्या लेखी सावळाराम म्हणंल ती पूर्व दिशा. आता पूर्व दिशेला कुणी तोंड वर करून बोलायचं का?

धाकल्या दिराचं, रविराजचं लगीन जमत नव्हतं. पोरगा बरा व्हता. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, आयतवारी एम-एटीवर घरी यायाचा. पर माळावरच्या घरात पोरगी कोण देतंय? डाळजच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. दारात उभं ऱ्हायलं की खाली धरणाचं पाणी दिसतंय, लख्ख, आभाळाएवढं. दिसतंय तेवढंच. बायकांनी हंडं घेऊन खालच्या आळीच्या हिरीवर जायाचं आन् चढ चढून यायाचं. पाव्हणं यायाचं, खालचं पाणी बघायचं, आमच्या डोस्क्यावरचं हंडं बघायचं, आन् चहा पिऊन जायाचं ते जायाचंच.

मग लातूरकडं भूकंप झाला त्या साली दिवाळीच्या पुढं मामा इंडीकडनं उड्या मारत आला. घोंगडं खाली टाकायच्या आधी म्हणला, “आक्के, पोरगी जमवून आलो. आपल्यातलीच हायेत, मेंढरं व्हती पयली, आता शेती करत्यात. पोरगी कामाला वाघीण.”

आत्याबाई सुपारी कातरत व्हती. “आन् घरचं कसं हाय?”

“त्येच तर सांगतोय! मी कानडीतनं इचारलं, पाण्याची सोय हाय का? गडी लगीच म्हणला, हौद. हौद. दोनदा म्हणला. आक्के, दोन हौद हायेत त्येंच्या दारात!”

झालं. जिच्या सुनेच्या नशिबी हंडा, तिला दोन हौदांचा व्याही मिळाला. आत्याबाईनं वस्तीभर साखर वाटली. भिगवणच्या बाजारात भाजी घेताना सुदिक सांगायची, “हौदवाल्याची पोरगी करतोय आमी.” लगीन आमच्याच दारात झालं, त्यामुळं त्येंचं घर बघायला कुणी गेलंच न्हाय.

पोरीचं नाव निंगव्वा. बोहल्यावरच आत्याबाईनं ते पुसून टाकलं आन् विजयमाला ठेवलं. आता विजयमाला म्हणून हाका मारल्या तर त्या बिचारीनं का वळून बघावं? तिला वाटायचं दुसरंच कुणीतरी हाय. दोन हाका, तीन हाका, मग आत्याबाई म्हणायची, “भैरी हाय का काय ही?” पोरगी उंच, हाताची हाडं रुंद, पदर कपाळाच्या खाली. बोलायची न्हाय. आठवड्यात वस्तीवरच्या बायकांनी तिचं नाव मुकी पाडलं.

मग रीतीपरमाणं ती माहेरी गेली. पंधरवड्यानं तिला तितनं आणायला माजा मालक दादासो गेला. परत आला त्यो हासतच. “आई, हौद कुटं हाय गं? त्येंच्या दारात येक रांजण हाय. त्यो बी चिरलेला.”

आत्याबाईचा चेहरा असा झाला की मी चुलीकडं तोंड केलं. आता भावाला बोलायची सोय न्हाय, त्यो पूर्व दिशा. मग कुणावर निघायचं? पोरीवर. “फशिवलं तुज्या बापानं! खोटं बोलून पोरगी गळ्यात मारली!” पोरीला त्यातलं काय कळलं देव जाणं, पर बाप म्हणताना केलेला हात तिला कळला. ती पयल्यांदा बोलली. भराभरा, डोळ्यांत पाणी आणून, समदं कानडीत. आत्याबाई आणखीनच भडकली. अडकित्ता नाचवत म्हणली, “ह्या घरात पुन्हा कानडी शबुद काढलास, तर बोचकं बांधायचं आन् बापाच्या हौदात जाऊन बसायचं! कळलं का?”

रविराज मधी पडला. “अगं आई, तिला येतच न्हाय दुसरं काय.”

“येत न्हाय तर गप बसावं. मुकी माणसं जगत्यातच की.”

आन् पोरगी खरंच गप बसली. तिनं ते अक्षरन् अक्षर पाळलं. मला लई राग आला, आत्याबाईचा आन् तिचा बी. माणसानं असं ऐकून घ्यावं?

पर पाण्याची वाट आत्याबाईच्या घरात येत नव्हती. ती वाट आमची व्हती. चढावर बाभळीखाली हंडं उतरवायचं, गुडघं चोळायचं, तितं मी तिला बोलती केली. मी म्हणलं, “निंगे, बिगी बिगी चल, ऊन चढतंय.” ती थबकली. म्हणली, “ब्याग ब्याग?” मी म्हणलं, “व्हय गं बाई, बिगी बिगी!” ती हासली. लगीन झाल्यावर पयल्यांदा तिचं दात दिसलं मला.

तवापास्नं धंदाच लागला. मी तांब्या दावायची, ती म्हणायची तंबिगी. मी तूप म्हणायची, ती म्हणायची तुप्पा. मला ती अक्का म्हणायची आन् मी म्हणलं, हे तर आमचंच हाय. ती छातीला हात लावून म्हणायची, “नम्दु,” म्हंजे आमचं. दोघी भांडायचो, अक्का कुणाची म्हणून! सगळ्यात मज्जा ‘न्हाय’ची. मी दर वाक्याला न्हाय न्हाय म्हणायची, आन् ही दर वेळी मागं वळून बघायची. तिच्याकडं नाय म्हंजे कुत्रं. बिचारीला वाटायचं, ह्या माळावर पावलोपावली कुत्रं हाय आन् ते मलाच दिसतंय.

आन् असंच येक दिस हौदाचं कळलं. मी म्हणलं, “हंडा उचलू का?” ती म्हणली, “हौद.” मी हिकडं तिकडं बघितलं. “कुटं हाय हौद?” ती पुन्हा मान डोलवून म्हणली, “हौद, अक्का. हौद.” माज्या टाळक्यात उजेड पडला. अगं आई! हौद म्हंजे व्हय! तिच्या बापानं नुसतं “व्हय, व्हय” म्हणलं व्हतं. मामानं कानडीत पाण्याची सोय इचारली. त्येला वाटलं आसंल, लेक सुखात ठेवू म्हणत्यात, म्हणून बिचारा व्हय व्हय म्हणला, आन् आमच्या मामानं दोन हौद बांधून दिलं!

मी तितंच रस्त्यात बसून हासले. हंडा कलंडला, पुन्हा हिरीवर जावं लागलं. पर घरी सांगायचं कसं? पूर्व दिशा खोटी पडली असती. आत्याबाईला मी येकदाच डिवचलं. ती म्हणली, “माजा अडकित्ता कुटं गेला?” आन् निंगीनं कुणी न सांगता तो उचलून दिला. मी म्हणलं, “आत्याबाई, तुमचा अडकित्ता त्येंच्या मुलखातनं आलाय बरं का. त्येंच्याकडं बी जवळपास असंच म्हणत्यात.”

“चल गं! माज्या बापानं जेजुरीतनं आणलाय त्यो!”

उन्हाळा सुरू झाला आन् खालच्या आळीची हीर तळाला गेली. बायका रात धरून नंबर लावायला लागल्या, भांडणं व्हायला लागली. येका बाईनं निंगीचा हंडा लाथंनं सारला. “मुके, मागं हो.” निंगी मागं झाली. घरी येऊन मी दादासोला म्हणलं, “आता आपली हीर पाडा, न्हायतर मी बी बोचकं बांधते.” दादासोच्या मनात व्हतंच. आमच्या वावराच्या वरल्या कोपऱ्यात जाणत्यानं पाणी सांगितलं व्हतं. भिगवणला कुणाची तरी हीर खणून येक टोळी मोकळी झाली व्हती, ती आणली. आन् टोळी निघाली कानडी, इंडीच्याच अंगाची. म्होरक्या इराप्पा, काळा कुळकुळीत, अंगानं घण.

आत्याबाईनं पयल्याच दिवशी निंगीला बजावलं, “ती माणसं तुज्या गावाकडची असली तरी परकी हायेत. भाकरी न्यायची, ठेवायची, यायाचं. शबुद काढायचा न्हाय. मी सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं?” निंगीनं मान हलवली. मामा म्हणला, “तिची गरजच काय? मी हाय की! मला समदी कानडी येती.”

आली की त्येची कानडी! तिसऱ्या दिवशी इराप्पा खालनं वरडला, “हग्गा कोड्री! हग्गा!” मामानं कान टवकारलं. मग गंभीर तोंड करून टमरेल भरलं, इराप्पा वर आल्यावर त्येच्या हातात दिलं आन् बाभळीकडं बोट केलं. इराप्पा टमरेलाकडं बघतोय, बाभळीकडं बघतोय. दादासो खो खो हासायला लागला. निंगीनं पदराचा बोळा तोंडात घातला, तिचं खांदं गदागदा हालत व्हतं. शेवटी इराप्पानं स्वतःच जाऊन दोर उचलला आन् मामाच्या नाकाम्होरं धरला. “हग्गा!” मामा म्हणला, “मग दोर म्हणावं की सरळ!”

हासलो आमी, पर तितंच मला धास्ती वाटायला पायजे व्हती. हिरीचं काम म्हंजे पोरखेळ न्हाय.

काळा पाषाण लागला. पहारंनी भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, दगड वर काढायचं. वर काढायला यारी. यारी म्हंजे हिरीच्या काठावर रोवलेली लोखंडी मान, तिच्यावरनं तारंचा दोर, आन् दोर गुंडाळायला दातऱ्याचं चाक. चाकाला दोन अंगांनी दोन दांडं. दोघांनी दांडं फिरवायचं, दगड वर यायाचा. चाकाला अडकवायची खिट्टी झिजून गुळगुळीत झाली व्हती, म्हणून येकच कायदा व्हता, दांडा सोडायचा न्हाय. दादासोच्या तळव्याला फोड आलं, फुटलं, पुन्हा आलं. रात्री तो हात उताणं ठेवून झोपायचा. मी तेल लावायला गेले की “नको, चुरचुरतंय” म्हणायचा. निंगी सकाळी हळूच वाटीत हळद ठेवून जायाची.

त्या दिवशी ऊन असं व्हतं की भुईवर पाय ठरत नव्हता. दादासो येका दांड्याला, मामा दुसऱ्याला. टोळीतला तिसरा गडी भिगवणला दारू आणायला गेला व्हता, सुरुंगाची. खाली इराप्पा आन् त्येचा भाऊ. आमी दोघी भाकरी घेऊन चाललो व्हतो, निंगी म्होरं, पाटी तिच्या डोस्क्यावर. जवळ गेलो तर यारीवर शेरडाएवढा दगड अर्ध्यावर आलेला. आन् तेवढ्यात दगडाला गुंडाळलेली साखळी येका अंगानं सरकली. दगड तिरपा झाला. मला दिसलं ते.

खालनं इराप्पाचा आवाज आला, घसा फाटेपतूर. “बिडब्याड्री! बिडब्याड! बिडब्याड!”

मामा म्हणला, “बिडी मागतोय गडी. हितं जीव चाललाय आन् ह्येला बिडी पायजे. थांब रं बाबा, देतो.” आन् त्येनं दांडा सोडून बंडीच्या खिशात हात घातला!

चाकानं गर्रकन उलटा फेरा घेतला. दादासोच्या अंगावर समदा भार आला. त्यो दांड्याला लोंबकळला, पाय जमिनीवरनं फरफटले, तळव्याची कातडी दांड्याला चिकटली. मी वरडले का न्हाय, मला आठवत न्हाय. निंगी दिसली. पाटी डोस्क्यावरनं उडाली, भाकरी मातीत. तिनं दगडाच्या ढिगातली पहार उचलली, धावली, आन् चाकाच्या दातऱ्यात खुपसून वर आपलं अंग टाकलं. खाड! पहार वाकली. चाक थांबलं.

पदर कुटच्या कुटं. ती हिरीत वाकून वरडली, “सरीरी! ग्वाडीकड सरीरी!” खालची दोघं कडंच्या भिंतीला चिकटली. आन् मग वळून मामावर वरडली, मराठीत, “बिडी न्हवं, मामा! सोडू नका म्हणतोय त्यो! सोडू नका! धरा दांडा!”

मामा बिडी हातात घेऊन उभा. दांडा धरायला मी धावले. मी आन् दादासो येका अंगाला, मामा दुसऱ्या अंगाला, आन् मधी निंगी. ती खाली कानडी बोलायची, वर मराठी बोलायची. “निल्लरी! थांबा! अक्का, हळू. दादा, आता वड. वड! बिगी बिगी!” मुकीचा आवाज खालच्या आळीपतूर गेला आसंल. दगड काठावर आला, आडवा झाला, आन् आमी चौघं तितंच बसलो.

इराप्पा दोर धरून वर आला. त्येनं निंगीच्या पायाशी हात नेलं आन् म्हणला, “अव्वा.” अव्वा म्हंजे आई, ते कुणी कुणाला सांगावं लागलं न्हाय.

मागं वळून बघितलं तर आत्याबाई उभी. वरडा ऐकून आली व्हती, हातात अडकित्ता तसाच. समदं ऐकलं व्हतं तिनं. निंगीनं तिच्याकडं बघितलं, आन् तिचं तोंड पांढरं पडलं. पदर सावरला, खाली बघत घराकडं गेली.

मी दादासोच्या हाताला चिंधी बांधून घरी गेले तर काय बघते, पोरगी उंबऱ्यावर बसलेली आन् शेजारी बोचकं. दोन लुगडी, आरसा, माहेरचं घोंगडं. बांधून तयार.

आत्याबाई माज्या मागनंच आली. “हे काय? कुटं निघालीस?”

निंगी उभी ऱ्हायली. मान खाली. “कानडी बोलले मी. तुमी सांगितलं व्हतं.”

माजं डोळं भरून आलं आन् राग बी आला. मी म्हणलं, “आत्याबाई, तुमचा लेक आज ह्या कानडीमुळं हातानिशी हाय. खालची दोघं जित्ती हायेत. हिला धाडायचं आसंल तर मी बी चालले, आन् पाणी तुमी वाहा.”

“तू गप गं, झुंबर.” आत्याबाई खाली उंबऱ्यावर बसली. बोचकं मांडीवर घेतलं. गाठ सोडायला लागली, पर गाठ सुटंना. मग तिनं अडकित्त्यानं गाठ कातरली. लुगडी बाजूला ठेवली. म्हणली, “पोरी, त्यो गडी खालनं काय वरडत व्हता गं?”

“बिडब्याड.”

“म्हंजे काय?”

“सोडू नको.”

आत्याबाईनं निंगीचं मनगट धरलं, घट्ट, भांडताना धरत्यात तसं. आन् म्हणली, “मग बिडब्याड. आमाला बिडब्याड.” बोलताना तिची जीभ अडखळली, पर म्हणली. “आन् कानडी काय, फारशी बोल, विंग्रजी बोल. फकस्त मुकी बसू नकोस.”

निंगी रडली. मी बी रडले. आत्याबाई म्हणली, “आता रडत्यात काय? भाकरी मातीत गेल्या, गडी उपाशी हायेत. चूल पेटवा.”

त्या दिवसापास्नं हिरीवर निंगीचं राज्य. मामा बिड्या वाटायच्या कामाला. आन् वैशाखाच्या शेवटी, दुपारच्या वक्ताला, खालनं आवाज आला, “नीर बंतु! अव्वा, नीर बंतु!” निंगीनं सांगायच्या आधीच आत्याबाई धावली. नीर कुणाला कळत न्हाय? मी वाकून बघितलं. कपारीतनं मनगटाएवढी जाड धार पडत व्हती आन् इराप्पा तिच्याखाली डोस्कं धरून नाचत व्हता. बायांनो, त्या दिवशी मी हंडा पालथा घातला अंगणात आन् त्येच्यावर बसून चहा प्याले!

खालच्या आळीच्या बाया सांजच्याला बघायला आल्या. हंड्याला लाथ घातलेली बी व्हती. निंगीनं तिला म्हणलं, “बाई, म्होरं हो. भरून घे.” मी असते तर आधी दोन शबुद ऐकवलं असतं. ती माज्यापरीस बरी हाय.

आत्याबाईनं पयलं काम काय सांगितलं? हौद. गुरामाणसांना पुरंल असा, हिरीच्या काठाला. रविराजनं चार आयतवार सिमिट कालवलं. शेवटच्या दिवशी गवंडी म्हणला, “नाव काय घालू? विजयमाला न्हवं का?” आत्याबाई म्हणली, “विजयमाला कोण? निंगव्वा घाल.” ओल्या सिमिटात काडीनं नाव काढलं, अजून हाय.

मग पाऊसकाळाच्या तोंडाला निंगीचा बाप आला लेकीला भेटायला. भिमण्णा नाव. खांद्यावर घोंगडं, हातात शेंगांच्या चटणीचं गाडगं. मराठी अक्षर येत न्हाय. हौदाच्या काठावर बसवला त्येला. त्यो पाण्याकडं बघतोय, नावाकडं बघतोय, वाचता येत नसावं, पर लेकीकडं बघून त्येला कळलं. आत्याबाई समोर बसली, सुपारी कातरत. भिमण्णानं हात जोडून इचारलं, “नम्म मगळु छलो अदाळेन्री?” लेक सुखात हाय का, एवढंच त्येचं इचारणं. मामा फुशारकीनं म्होरं सरकला, “आक्के, त्यो म्हणतोय—”

“तू गप बस.” आत्याबाईनं अडकित्ता खाली ठेवला. भिमण्णाच्या डोळ्यांत बघून, पदर सारखा करून, मोठ्यांदा म्हणली, “हौद. हौद.”

भिमण्णाचं डोळं भरलं. त्येनं घोंगड्याच्या टोकानं पुसलं.

मामा मातर इकडं तिकडं बघायला लागला. “आक्के, हौद तर येकच बांधलाय आपण.”

“येक पाण्याचा, येक पोरीचा,” आत्याबाई म्हणली. “दोन झालं का न्हाय? तूच तर सांगत आला व्हतास.”